रडणं चालणार नाही

शेडबाईंच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसले ते बैठकीच्या खोलीतले पडदे. दोन वर्षांपूर्वी त्या स्वतः दुकानात जाऊन, चार वेळा हातात घेऊन, राखाडी म्हणून हे पडदे घेऊन आल्या होत्या. ते पोपटी होते.

त्या बराच वेळ पडद्यांसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी सुनेला विचारलं, हे पहिल्यापासून असेच आहेत का. सून म्हणाली, पहिल्यापासून. मग कुणी बोललं का नाही, असं विचारल्यावर ती जरा घुटमळली.

"तुम्हाला रंगातलं कोण शिकवणार, आई?"

यात सुनेची चूक नव्हती. शेडबाईंनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं शेड जुळवायचं काम केलं होतं. उत्तरेकडच्या खिडकीशी उभं राहून एका हातात गिऱ्हाइकाचा नमुना आणि दुसऱ्या हातात कारखान्याचं कापड धरायचं, आणि दोन्ही एक आहेत की नाहीत ते सांगायचं. त्या "काळा किंचित जास्त झालाय" म्हणाल्या की अख्खी खेप परत हौदात जायची. मालक समोर असो की मालकाचा जावई, निकाल बदलत नसे. कारखान्यात त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पगाराच्या पाकिटावरसुद्धा एकदा कुणीतरी 'शेडबाई' असंच लिहिलं होतं.

निवृत्तीनंतर मोतीबिंदू इतका हळूहळू चढला की आपले डोळे जात आहेत हे त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, जगातच आता पूर्वीसारखे रंग येत नाहीत. वर्षानुवर्षं त्या कारखान्यांना नावं ठेवत बसल्या. आता एका डोळ्यातला चहाच्या पाण्यासारखा पडदा निघाला होता आणि त्या लहान मुलासारख्या घरभर फिरत होत्या. शेजाऱ्यांची बादली, औषधाच्या बाटलीचं झाकण, रस्त्यावरून गेलेली शाळेची बस, कशाहीपुढे त्या थबकत. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी व्हायची होती. त्या तारखेसाठी त्यांनी चार महिने वाट पाहिली होती.

अशा दिवसांत सून मैत्रिणींबरोबर तो सिनेमा पाहून आली.

सून प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. रोज साठ-सत्तर माणसांच्या हातात सुई खुपसताना तिची पापणी हलत नसे. पण सिनेमाहून आली तेव्हा ती दारातच बसली आणि चप्पल काढायला विसरली. मग तिने सासूला सांगायला सुरुवात केली. एक नदी असते. एका काठावर सगळे तांबडं नेसतात, दुसऱ्या काठावर सगळे निळं. एका काठाचा रंग दुसऱ्या काठावर नेणं गुन्हा, मग लग्न तर दूरच. आणि निळ्या काठावरच्या न्यायाधीशाची मुलगी तांबड्या काठावरच्या एका ढोलवाल्याच्या प्रेमात पडते. सगळं नाटकासारखं. पडदा उघडतो आणि आत आणखी एक पडदा. चंद्र दोरीने वर ओढलेला दिसतो, आणि तरी तो चंद्रच वाटतो. नदी म्हणजे पन्नास माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून हलवलेलं कापड. लोक भांडतात ते गाण्यात, न्याय देतात तोही गाण्यात.

"आणि शेवटी," सून म्हणाली, "एक जांभळा येतो. आई, असा जांभळा मी जन्मात पाहिला नाही."

"कसा? तांबड्याकडे झुकणारा की निळ्याकडे?"

सुनेला सांगता येईना. शेडबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की हा सिनेमा आपण पाहायचा. तो गुरुवारी थिएटरातून उतरणार होता.

अडचण होती ती मुलाची. मुलगा डबे बनवणाऱ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. घरातसुद्धा त्याने प्रत्येक खोलीत आग लागल्यास कुठून बाहेर पडायचं त्याचे बाण चिकटवले होते, आणि घर तीन खोल्यांचं होतं. आईच्या डोळ्याच्या चौदा सूचना त्याने टाईप करून फ्रिजवर लावल्या होत्या. वाकू नये, डोक्यावरून पाणी घेऊ नये, डोळा चोळू नये, धुळीत जाऊ नये. सिनेमाचं नाव काढताच तो फ्रिजपाशी गेला आणि यादीत सिनेमा चालेल असं कुठेही लिहिलेलं नाही, असं त्याने सांगितलं. चालणार नाही असंही लिहिलेलं नाही, असं शेडबाई म्हणाल्या. मुलगा म्हणाला, ज्याचा उल्लेख नाही ते धोकादायक समजायचं, हा नियम आहे.

या सोमवारी मुलगा आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीला घेऊन गेला. शेडबाईंनी तो प्रश्न तिथे काढला. डॉक्टर आधी सहज म्हणाले, की सिनेमाला काय हरकत आहे, जा की. मग त्यांनी कुठला ते विचारलं, आणि ऐकल्यावर हातातला टॉर्च खाली ठेवला.

"तो नको."

"का?"

"मी दोनदा गेलोय त्याला. माणूस त्यात रडतो. रडलं की हात डोळ्याकडे जातो. तो जाऊन चालणार नाही."

मुलाने विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं. पण मालकाच्या जावयापुढे न डगमगलेल्या शेडबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना शांतपणे विचारलं, की नक्की नको काय, सिनेमा की रडणं? डॉक्टर विचारात पडले आणि म्हणाले, तसं पाहिलं तर रडणं. मग तसं लिहून द्या, असं शेडबाई म्हणाल्या. बाहेर नऊ पेशंट बसले होते. डॉक्टरांनी कागद ओढला आणि लिहिलं: सिनेमा चालेल. रडणं चालणार नाही. खाली सही केली.

तो कागद शेडबाईंनी स्वतः फ्रिजवर लावला, चौदा सूचनांच्या डोक्यावर.

मुलगा कागदाचा मान राखणारा माणूस होता. सही असलेल्या कागदाशी त्याने आयुष्यात कधी वाद घातला नव्हता. पण चाचणी घेतल्याशिवाय कुठलीही गोष्ट वापरायची नाही, हाही त्याचाच नियम होता. त्याने सांगितलं, की आई रडत नाही हे आधी सिद्ध व्हायला हवं. शेडबाई म्हणाल्या, घे चाचणी.

मंगळवारी संध्याकाळी चाचणी झाली. शेडबाई खुर्चीवर बसल्या. मुलगा घड्याळ आणि टॉर्च घेऊन समोर बसला. सुनेने सिनेमातला सगळ्यात वाईट प्रसंग सांगायचा, असं ठरलं होतं. तिने सुरुवात केली. न्यायाधीशाला मुलीच्या खोलीत तांबड्या दोऱ्याचा एक तुकडा सापडतो. तेवढ्यावरून तो सगळं ओळखतो. भर दरबारात तो तिला विचारतो, हा कुठून आला, आणि ती म्हणते, मीच सूत रंगवून बघत होते. इथे सुनेचा आवाज फाटला. तिने नाक पुसलं आणि पुढे सुरू केलं. ढोलवाला पलीकडच्या काठावरून रोज संध्याकाळी एक ठेका वाजवत असतो, आणि ती खिडकीवर बोटांनी त्याला उत्तर देत असते. आता खिडकी भिंत घालून बंद करतात. त्या दिवशीही तो वाजवतो. थांबतो. पुन्हा वाजवतो.

सून उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिकडून नळ सोडल्याचा आवाज आला.

मुलाने टॉर्च मारून आईचा डोळा पाहिला. कोरडा ठणठणीत. शेडबाई विचार करत होत्या.

"नुसत्या दोऱ्यावरून ओळखलं म्हणजे न्यायाधीशाची नजर चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कामाला आला असता तर ठेवला असता."

चाचणीत त्या पास झाल्या होत्या. पण मुलगा तेवढ्यावर सोडणारा नव्हता. प्रत्यक्ष जागेवर देखरेख लागते, असं म्हणून त्याने बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अकरा वर्षांतली ती त्याची पहिली रजा होती. कारखान्यात लोकांना वाटलं की घरी काहीतरी बरंवाईट झालं, आणि दोघांनी तर फोन करून चौकशीही केली.

दुपारच्या खेळाला मायलेक गेले. मुलाने बाहेर पडण्याच्या दारालगतच्या दोन खुर्च्या घेतल्या होत्या. त्याच्या खिशात डोळ्यात घालायचे थेंब, कापूस आणि दोन घडीचे रुमाल होते. दिवे मालवले तसा त्याने आईला काळा चष्मा लावायला सांगितला. सूचना क्रमांक सहा, प्रखर प्रकाशात काळा चष्मा. शेडबाईंनी विचारलं, की या अंधारात प्रखर काय आहे? मुलगा म्हणाला, पडदा. त्या म्हणाल्या, पडदा बघायलाच तर आलेय. मागच्या रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला. तेवढ्यात पडदा उघडला आणि आत आणखी एक पडदा दिसला, लालभडक, मखमली, आणि मुलगा पुढचं बोलायचं विसरला.

शेडबाईंनी डावा डोळा तळहाताने झाकून घेतला. तो डोळा मध्येच त्याचं चहाचं पाणी ओतत होता. पुढचे अडीच तास त्या एकाच डोळ्याने पाहत राहिल्या. तांबड्या काठावर किती तऱ्हेचे तांबडे होते ते त्यांनी मोजलं. विटेचा, डाळिंबाचा, गंजाचा, भाजलेल्या मिरचीचा. कुणीतरी हे सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते, एकही दुसऱ्याला मारत नव्हता. न्यायाधीशाच्या मुलीच्या शालीचा निळा एका गाण्यात मघापेक्षा अर्धा थेंब उजळ होता. दोन वेगळ्या खेपांचं कापड वापरलं होतं. इतक्या मोठ्या सिनेमात ही चूक एकट्या आपल्यालाच कळली, या आनंदात त्यांना भिंत घातलेल्या खिडकीचं फारसं काही वाटलं नाही. आजूबाजूला सगळं थिएटर नाक ओढत होतं.

मग शेवट आला, आणि तो जांभळा आला. शेडबाई खुर्चीच्या टोकाला सरकल्या. तांबड्याकडे झुकणारा नव्हता, निळ्याकडेही नव्हता. नेमका मधोमध. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून असा एकदाही उतरला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला, पण डोळा कोरडा राहिला. रडलं असतं तर रंग धुरकटला असता, आणि ते त्यांना मुळीच परवडणार नव्हतं.

दिवे लागले. त्यांनी शेजारी पाहिलं. मुलगा बाहेर जाण्याच्या दाराकडे तोंड करून उभा होता. त्याला पडसं झालं होतं, असं तो म्हणाला. दोन्ही रुमाल कुठे गेले असं विचारल्यावर त्याने ऐकलं नाही.

घरी आल्यावर त्याने चहा घेतला आणि कारखान्यातला धोक्याचा भोंगा तपासायला जायचंय, असं सांगून तो पुन्हा बाहेर पडला. जेवायच्या वेळेनंतर परतला आणि कुणाशी न बोलता झोपला.

गुरुवारी सकाळी त्याचे दोन्ही डोळे टोमॅटोसारखे झाले होते. तरी तो कामावर गेला. कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने त्याला अडवलं. डोळे लाल असलेल्या माणसाला आत सोडायचं नाही, असा लेखी नियम तिथे लावलेला होता. त्याच्यावर सही सुरक्षा अधिकाऱ्याची होती. वॉचमन ओशाळून म्हणाला, की साहेब, तुम्हीच लिहिलंय. साहेबांनी आपली सही पाहिली आणि ते घरी परतले.

सुनेने दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरकली.

"तुझे डोळे आलेत."

मुलगा नाही म्हणाला. मग काय झालंय, असं तिने विचारलं, तर त्याला सांगता येईना. सुनेने त्याचा टॉवेल वेगळा केला, उशी वेगळी केली, आणि त्याला बाणांच्या दिशेने आतल्या खोलीत पाठवून दार लावून घेतलं. मग तिने डॉक्टरांना फोन केला. घरात डोळ्यांची साथ असेल तर सोमवारची शस्त्रक्रिया करता येणार नाही, किमान तीन आठवडे पुढे जाईल, आणि तेव्हाची तारीख मिळेल की नाही तेही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोघांनाही घेऊन या.

शेडबाईंनी पिशवी घेतली, चष्मा घेतला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. रिक्षात त्या मुलापासून जमेल तितक्या लांब बसल्या आणि डावा डोळा मिटून घेतला, जणू तेवढ्याने तो सुरक्षित राहणार होता. सुनेला प्रयोगशाळेत जावं लागलं होतं, त्यामुळे मायलेक दोघंच होते. वाटेत मुलाने दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं.

दवाखान्यात मदतनीस बाईंनी मुलाचे डोळे पाहिले आणि त्याला इतर पेशंटांत न बसवता सरळ आत घेतलं. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. दुखतं का? नाही. चिकटतात का? नाही. खाज? नाही. धूळ, धूर, रसायन? मुलगा गप्प. डॉक्टर म्हणाले, कारण कळत नसेल तर मला साथच धरावी लागेल, आणि त्यांनी सोमवारच्या यादीवरचं शेडबाईंचं नाव खोडायला पेन उचललं.

मुलगा उठून उभा राहिला. आजवर त्याने शेकडो अपघातांचे अहवाल लिहिले होते आणि एकातही काही लपवलं नव्हतं.

"घटना काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घडली," तो म्हणाला. "खिडकीला भिंत घालतात त्या ठिकाणी. सुरुवातीला रुमाल वापरला. रुमाल संपल्यावर शर्टाची बाही. बाही खरखरीत आहे. चोळलं गेलं."

डॉक्टरांनी पेन तसंच धरून ठेवलं. शेडबाईंनी मिटलेला डोळा उघडला.

"तेवढ्याने इतके लाल होत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

मुलाने भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं.

"घटना पुन्हा घडली. संध्याकाळच्या खेळाला."

म्हणजे भोंगा नव्हता, असं शेडबाईंनी विचारलं. मुलगा म्हणाला, नव्हता.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. सोमवारचं नाव तसंच राहील, डोळे आलेले नाहीत, संध्याकाळपर्यंत उतरतील, असं त्यांनी सांगितलं. मायलेक निघायला वळले, तेव्हा डॉक्टरांनी उठून दार नीट बंद केलं आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"जरा बसा. मला एक विचारायचंय." त्यांनी आवाज खाली आणला. "मी दोनदा गेलो खरा. पण दोन्ही वेळा मध्यंतरानंतर फोन आला. एकदा तर थेट इथे येऊन एकाच्या डोळ्यातला लोखंडाचा कण काढला. शेवट मी पाहिलाच नाही. आज तो उतरतोय आणि सात वाजेपर्यंत मी इथून हलत नाही. त्यांचं पुढे काय होतं?"

मुलाने आईकडे पाहिलं. आईने मानेनेच त्याला सांग म्हटलं.

तो अहवालाच्याच सुरात सांगू लागला. पूल पाडायचा हुकूम निघतो. दोन्ही काठांवर लोक जमतात. ती या काठावर, तो त्या काठावर, मध्ये नदी. गाणं नाही, काही नाही, नुसता त्याचा तो ठेका. ती आपली निळी शाल काढते आणि पाण्यात सोडते. ते पाहून तो आपला तांबडा सदरा काढून सोडतो. दोन्ही कापडं वाहत मधल्या धारेला येतात, एकमेकांत गुंततात. इथे त्याचा सूर जरा हलला. त्याने कॉलर सारखी केली.

"मग पाणी रंगायला लागतं. मधून सुरू होतं आणि दोन्ही काठांकडे पसरत जातं. लोक मागे सरकतात, पण प्रत्येकाच्या कपड्याचा काठ भिजतो. न्यायाधीशाचासुद्धा. आता कुणाला पकडायचं? सगळेच जांभळे."

"असं कसं होईल?" डॉक्टर म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"कच्चा रंग होता," शेडबाई म्हणाल्या. "रंग सुटला म्हणून मी जन्मभर कापड नापास केलं. पक्का असता तर दोन्ही कापडं तशीच वाहून गेली असती." त्या थांबल्या. मुलगा अजून उभाच होता, बाह्या दुमडलेला, लाल डोळ्यांचा, शाळेतून मार खाऊन आल्यासारखा. अकरा वर्षांनी पहिली रजा घेतलेला हा माणूस कुणाला न सांगता एकटाच पुन्हा जाऊन रांगेत उभा राहिला असेल, ते चित्र त्यांना दिसलं. आणि अडीच तासांच्या सिनेमात, चाचणीत, कुठेही न पाझरलेला त्यांचा उजवा डोळा भरून वाहू लागला.

मुलगा झटकन पुढे झाला. शेडबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले आणि पाणी गालावरून हनुवटीपर्यंत खुशाल वाहू दिलं. डोळ्याला बोटसुद्धा लावलं नाही.

"बघा डॉक्टर," त्या म्हणाल्या. "चोळला नाही."

डॉक्टर बघत नव्हते. ते पाठ फिरवून टेबलावरचा कापूस शोधत होते.

तेवढ्यात पुढच्या पेशंटचा कागद घेऊन मदतनीस बाई दार ढकलून आत आल्या. त्यांनी मुलाचे डोळे पाहिले, मग म्हाताऱ्या आईचे, मग डॉक्टर वळले आणि त्यांचेही पाहिले. त्या तशाच मागे सरकल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेर बसलेल्या माणसांना म्हणाल्या, "आज सगळे घरी जा. साथ आलीय. डॉक्टरांचेपण डोळे आलेत."